कंबर, चावा आणि औषध

चिनी भाषेत ‘याओ’ हा उच्चार सपाट, लांबवून केला तर कंबर. सूर खाली नेऊन पुन्हा वर आणला तर चावणं. वरून धपकन खाली टाकला तर औषध. हे पहिल्या सत्रात शिकवतात आणि पोरं हसतात. चौथ्या वर्षी वॉर्डात उभं राहिल्यावर कुणी हसत नाही.

मी इंदापूर तालुक्यातला. उजनीच्या पाण्यावर ऊस-डाळिंब पिकलं, त्या पैशातून आणि वर बँकेचं कर्ज काढून चीनमध्ये डॉक्टर व्हायला गेलेल्या पोरांपैकी एक. आमच्या एजंटचं एक वाक्य ठरलेलं होतं : ‘सगळं इंग्लिशमध्ये असतं, चिनीचं टेन्शन घेऊ नका.’ वाक्य अगदी खोटं नव्हतं, अर्धं होतं. व्याख्यानं इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. पण मी शिकलो त्या वेनचौ शहरातल्या हॉस्पिटलात खाटेवर पडलेल्या आजोबांना इंग्रजी येत नाही, आणि आमच्यासाठी त्यांनी ते का शिकावं? पुढे सप्टेंबर 2022 मध्ये भारतीय दूतावासानं काढलेल्या सूचनेत हे स्वच्छ लिहिलं गेलं. पेशंटशी बोलण्यापुरती, म्हणजे एचएसके परीक्षेच्या चौथ्या पातळीपर्यंतची चिनी आली नाही तर पदवी मिळणार नाही.

चौथी पातळी म्हणजे जुन्या पद्धतीनं 1,200 शब्द. त्यात ताप आहे, खोकला आहे, सर्दी आहे. अपेंडिक्स नाही. म्हणजे परीक्षा पास झालेला मुलगा रेल्वेचं तिकीट काढू शकतो, हवापाण्याच्या गप्पा मारू शकतो, आणि पोट धरून आलेल्या बाईसमोर मुका होतो.

उच्चारांच्या बाबतीत मात्र मराठी माणसाचं नशीब चांगलं. रोमन लिपीतून चिनी शिकणारे ‘बी’ बघून ‘ब’ म्हणतात. खरा उच्चार ‘प’ असतो. ‘पी’ दिसतो तिथे ‘फ’सारखा, ओठ न चावता केलेला. चिनीत प-फ, त-थ, क-ख हा भेद जीव की प्राण, आणि तो आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेला. त्यांच्या राजधानीचं नाव देवनागरीत ‘पेइचिंग’ लिहिलं की काम झालं. शिवाय ‘चमचा’तला च वेगळा आणि ‘चिमणी’तला वेगळा, हे आपल्या तोंडाला कुणी शिकवावं लागत नाही. चिनीत हे दोन्ही च लागतात. माझ्या वहीचं पान अर्धं देवनागरीत असायचं. आमच्या चिनीच्या बाईंना त्या अक्षरांचं फार कौतुक वाटे.

सुरांनी मात्र दमवलं. अडचण अशी, की आपण सूर भावनेसाठी वापरतो. प्रश्न विचारताना शेवट वर जातो, राग आला की सगळंच वर जातं. चिनीत सूर शब्दाच्या मालकीचा. ‘औषध?’ असं विचारतानाही तो शब्द वरून खालीच पडला पाहिजे. घाबरलेल्या विद्यार्थ्याचा आवाज चढतो, आणि आवाज चढला की औषधाचं भलतंच काही होतं. त्यामुळे शांत राहणं हा तिथे व्याकरणाचाच भाग आहे.

इतकं जमवून वॉर्डात जावं, तर वेनचौची बोली पुढ्यात. ती उरलेल्या चीनलाही कळत नाही म्हणून प्रसिद्ध आहे. म्हातारी माणसं तीच बोलणार. बाहेरच्या प्रांतातून आलेल्या नर्साही मग नातवाला हाक मारत. नातू आजीचं बोलणं प्रमाण चिनीत सांगे, आम्ही ते मनात मराठीत आणि केसपेपरवर इंग्रजीत आणत असू. वाटेत दुखणं किती सांडत असेल, देव जाणे.

तोंड आलं, घसा धरला, डोळे चुरचुरले, की तिथला पेशंट सांगतो ‘शांगह्वो’, आग वर चढली. वर्गातली पोरं गोंधळली. इंग्रजी पुस्तकात असा आजारच नव्हता. मला तो पहिल्या फटक्यात कळला. आमच्या गावात निम्मी माणसं दवाखान्यात जाऊन ‘उष्णता झालीया’ एवढंच सांगतात. आग वर चढली म्हणणारा माणूस अडाणी नसतो. तो आपल्या शरीराचा हिशेब त्याच्या पद्धतीनं मांडत असतो, आणि तोंडातले फोड बघायचे की पित्त विचारायचं, हे त्या हिशेबातूनच सापडतं.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली पाच डॉक्टरांच्या भारतीय पथकातून चीनला गेले, तेव्हा त्यांच्यामागे परीक्षेचा धाक नव्हता. युद्धातले जखमी समोर होते. ते चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले, कॅनेडियन सर्जन बेथून यांच्या नावाच्या वैद्यकीय शाळेत तिथल्या पोरांना त्यांच्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले आणि पाठ्यपुस्तक लिहायला बसले. 9 डिसेंबर 1942 रोजी ते गेले, वय अवघं 32. त्यांच्या त्यागाचे पोवाडे आपण पुष्कळ गातो. शांतारामबापूंनी 1946 मध्ये सिनेमाही काढला. कोटणीसांनी चिनी शिकण्यासाठी केलेल्या घोकंपट्टीबद्दल मात्र कुणी बोलत नाही. मला तीच मोठी वाटते. रात्री कंदिलापाशी बसून अक्षरांच्या रेघा गिरवणारा सर्जन हा बंदुकीच्या आवाजात ऑपरेशन करणाऱ्या सर्जनइतकाच शूर असतो, असं माझं मत आहे.

आमच्यानंतरच्या पोरांचे फार हाल झाले. 2020 च्या सुरुवातीला कोविडमुळे ती घरी आली आणि चीननं व्हिसा पुन्हा सुरू करेपर्यंत 2022 चा ऑगस्ट उजाडला. तोवर शरीरशास्त्र मोबाइलवर, रेंज मिळेल त्या बांधावर. शरीरशास्त्र एकवेळ तसं होईल. पेशंटची भाषा रेंजवर येत नाही.

आणि चीनला नावं ठेवण्याचं कारण नाही. पुण्या-मुंबईत शिकून आमच्याकडे आलेला डॉक्टर ‘पोटात गुबारा धरलाय’ किंवा ‘पायाला मुंग्या येत्यात’ ऐकून सिस्टरकडे बघतो, हे मी इथेही पाहतो. त्याला कुणी चौथी पातळी लावलेली नाही.

बारामती-इंदापूरकडून यंदाही कुणी चीनला निघायच्या तयारीत असेल. त्यांच्या आईवडलांना सांगणं एवढंच : एजंटला होस्टेलचे फोटो मागू नका. पहिल्या वर्षी आठवड्याला चिनीचे तास किती, वैद्यकीय चिनी वेगळी शिकवतात का, हे विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर पैसे भरू नका. आणि भरायचेच असतील, तर पोराला बारावीच्या सुट्टीपासूनच चिनीच्या क्लासला बसवा.