बोरिवलीच्या रानातले संसार

मे महिन्यात मुलं घरात कंटाळतात. अशा एखाद्या सकाळी डबा भरा आणि सगळ्यांना बोरिवलीच्या नॅशनल पार्कात घेऊन जा. (सोमवारी नको हं, तेव्हा बंद असतं.) कान्हेरीची लेणी तर बघालच, पण जाताना वड-उंबरांकडेही मान वर करून बघा. घारीएवढा, राखी रंगाचा, मोठ्या बाकदार चोचीचा पक्षी दिसला, तर तो धनेश.

तो एकटाच का? तर बायको झाडाच्या ढोलीत आहे, आणि दार तिनंच आतून लिंपून घेतलंय! चिखल नि स्वतःची विष्ठा वापरून. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. आत अंडी घालायची, उबवायची. त्यातच तिची पंखांची पिसं गळतात, म्हणजे उडायचीही सोय नाही. कित्येक आठवडे नवरा उंबरं आणून फटीतून भरवतो. कौतुक वाटतं खरं, पण बाई गं, त्यालाच काही झालं तर?

आणि ढोली त्यांना स्वतःला कोरता येत नाही. जुनं झाडच हवं. शेजारच्या आरेत ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं पडली, तेव्हा मला आधी या ढोल्या आठवल्या.

सगळेच पक्षी काही असे एकनिष्ठ नाहीत बरं का! आपल्या गॅलरीतल्या चिमणीचंही एखादं पिल्लू दुसऱ्याच बापाचं निघतं, हे रक्ततपासणीनं सिद्ध झालंय.

आणि सुगरण? नाव बाईचं, पण खोपा विणतो नर! डॉ. सालिम अलींनी १९३० साली अलिबागजवळ किहीमला हे बारकाईनं पाहिलं. नर खोपा अर्धा विणतो, माद्या आत शिरून पारखतात. एखादीला पसंत पडला की तो पुरा करतो आणि लगेच दुसरीसाठी नवा खोपा सुरू! अंडी उबवणं मात्र हिच्याच गळ्यात.

याच्या अगदी उलट प्रकार बघायचा, तर पावसाळ्यात पवईच्या तलावाकाठी थांबा. पाण्यावरच्या पानांवर लांब बोटांनी चालणारा कमळपक्षी दिसेल. यांच्यात मादी मोठी. चार अंडी घालून ती दुसऱ्या नराकडे निघून जाते. मागे राहिलेला बाप अंडी उबवतो आणि धोका दिसला की पिल्लांना पंखाखाली उचलून चालू लागतो. त्याच्या कुशीतून पिल्लांचे पाय तेवढे लोंबताना दिसतात!