परतीचा कागद

अमेरिकेत ‘ग्रीन कार्ड’साठी अर्ज दाखल झाला, की इकडे घरात निश्चिंतता पसरते. मुलाचे तिकडे बस्तान बसले, असे सारे धरून चालतात. वस्तुतः अर्जदाराच्या पायात बेडी पडते ती याच दिवशी. आय-४८५ हा अर्ज प्रलंबित असताना परतीची पूर्वपरवानगी न घेता देश सोडला, तर अर्ज सोडून दिला असे सर्वसाधारणपणे मानले जाते. या परवानगीस ‘अ‍ॅडव्हान्स परोल’ म्हणतात. परोल हा शब्द आपल्याकडे कैद्यांच्या संदर्भात ऐकू येतो. वडीलधाऱ्यांना तो खटकतो, आणि खटकावा असाच आहे.

पुणे-सातारा महामार्गावरील शिवरे येथे किराणा-भुसाराचे जुने दुकान असलेल्या एका कुटुंबास या शब्दाची ओळख रुग्णालयात झाली. थोरला मुलगा न्यू जर्सीत संगणक अभियंता. नोकरीच्या आधारे मिळणारी ग्रीन कार्डे वर्षाला सुमारे १,४०,०००. त्यांत कोणत्याही एका देशाचा वाटा साधारण सात टक्के. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग फार लांब. ऑक्टोबर २०२० मध्ये अर्ज स्वीकारण्याच्या तारखा एकाएकी पुढे सरकल्या, तेव्हा अनेक भारतीयांप्रमाणे त्यानेही अर्ज भरला. पुढे तारखा अडल्या. दरम्यान त्याने नोकरी बदलली आणि नव्या ठिकाणी एच-१बी न ठेवता, प्रलंबित अर्जाच्या आधारे मिळणाऱ्या काम-परवान्यावर तो रुजू झाला. एच-१बी चालू असणाऱ्यास वैध व्हिसावर परतता येते व त्याचा अर्ज बुडत नाही. नुसत्या काम-परवान्यावर असणाऱ्यास ही सवलत नाही. त्यातच त्याच्या प्रवास-परवानगीची मुदत संपली होती आणि नूतनीकरण रखडले होते.

अशा वेळी वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. पुण्यात शस्त्रक्रिया ठरली. मुलाने तिकीट काढले. वकिलाने त्याला थांबविले. धाकटा फोनवर चिडला, “अर्ज गेला तर जाऊ दे, दादा. तू ये.” आईने फोन हातातच घेतला नाही. शेठनी मात्र विचारले, “परतीचा कागद आहे का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग तो घेऊनच ये. सूनबाईचा अर्ज तुझ्याच अर्जावर उभा आहे.” आयुष्यभर उधारीची खाती सांभाळलेल्या माणसाला एका नावामागे किती नावे असतात, हे सांगावे लागत नाही.

तातडीच्या प्रसंगी तेथील स्थानिक कार्यालयात ही परवानगी मागता येते. मिळेलच असे नाही. त्यासाठी आजाराचा पुरावा म्हणून डॉक्टरांच्या सहीचे इंग्रजी पत्र हवे होते. पहिल्या पत्रात शस्त्रक्रियेची तारीखच नव्हती, म्हणून धाकट्याला पुन्हा रुग्णालयात जावे लागले. परवानगी हाती पडेपर्यंत शस्त्रक्रिया होऊन गेली होती. मुलगा मुंबईत उतरला, त्या दिवशी शेठना अतिदक्षता विभागातून बाहेर आणले होते. आईने त्याला काही विचारले नाही, जेवण वाढले.

हा कागद असला, तरी परतताना प्रवेश द्यायचा की नाही, हे तेथील विमानतळावरील अधिकारीच ठरवतो. त्यामुळे ते दोन आठवडे घर मोकळेपणाने हसले नाही. निघण्याच्या आदल्या रात्री शेठनी चष्मा लावून परवानगीवरील तारीख स्वतः वाचली आणि तिची एक झेरॉक्स दुकानाच्या गल्ल्यात ठेवून घेतली.