बसायची खोली

या खोलीला आपल्या भाषेत नावांचा तोटा नाही. कोकणात ती ओटी, सातारा-कोल्हापूरकडे सोपा, सरदारांच्या वाड्यात दिवाणखाना. आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटात आली की नुसता ‘हॉल’. मला स्वतःला आमच्या शेजारच्या आजींचा शब्द सर्वांत आवडतो : बसायची खोली. पडदे कोणत्या रंगाचे, भिंतीवर चित्र कोणते, हे प्रश्न मागाहूनचे. आधी विचारावे ते एवढेच, की इथे बसणार कोण?

माझे सासर वाईजवळच्या एका खेड्यातले. तिथला सोपा चांगला ऐसपैस आहे. जाजम, तक्के, भिंतीशी एक लाकडी बाक. सासूबाई त्या घरात ४० वर्षे नांदल्या, पण त्या बाकावर म्हणून बसल्या नाहीत. सोपा पुरुषांचा आणि माजघर बायकांचे. पाहुण्यांचा चहा चौकटीपर्यंत यायचा आणि तिथून मुलांच्या हाती पुढे जायचा.

याच्या अगदी उलट माझ्या मामाची डिलाईल रोडवरची खोली. १९२०च्या दशकात बांधलेल्या बी.डी.डी. चाळीतली ती १६० चौरस फुटांची एकच खोली. तिथे सोपा कुठला आणि माजघर कुठले! लोखंडी खाटेवर दिवसा पाहुणे आणि रात्री मामा. खाटेखाली ट्रंका आणि वळकट्या. १९८२च्या गिरणी संपाविषयी त्या खोलीत पुढे कितीतरी वर्षे बोलणे चाले, आणि स्टोव्हपाशी बसलेल्या मामीचे मत मामाच्या मताइतकेच खणखणीत ऐकू येई. चाळीचे गोडवे मला गायचे नाहीत. सामाईक संडासापुढची सकाळची रांग ज्याने पाहिली आहे तो ते गाणार नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा ती बातमी मी घरात सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली. वाचता वाचता मनात आले, आता स्वयंपाकाला वेगळी भिंत येईल आणि भिंतीपलीकडे एक मामी जाईल.

आमच्या घरात ती भिंत होतीच. मामंजी गेल्यावर सासूबाई आमच्याकडे आल्या. आमचा हॉल १० बाय १४ फुटांचा. त्यात हप्त्यांवर घेतलेला गुबगुबीत सोफा, मधे काचेचा टीपॉय, खाली गालिचा आणि एक शोकेस. (बसायच्या खोलीत शोकेसइतके आरामात कोणीच बसलेले नसते.) सासूबाई मात्र स्वयंपाकघराच्या दाराआड प्लॅस्टिकच्या स्टुलावर. पाहुणे यांना विचारीत, “आई कशा आहेत?” हे सांगत, “बऱ्या आहेत.” आणि ज्यांच्याविषयी हे बोलणे चालले त्या ४ फुटांवर, भिंतीमागे, बसलेल्या!

“तिला सवयच नाही बाहेर बसायची,” असे हे म्हणत. नातेवाईक त्याला ‘जुने वळण’ म्हणत आणि थोडे कौतुकही करीत. मला हे उत्तर कधी पटले नाही. कादंबरी लिहिताना एक गोष्ट ध्यानात येते : पात्राचा स्वभाव म्हणून आपण जे मांडतो, ते पुष्कळदा त्याच्या गैरसोयीचे दुसरे नाव असते. मे महिन्याच्या सुटीत मी टेप घेऊन सोफा मोजला. बैठक जमिनीपासून १६ इंच, पण माणूस बसले की ती १२ इंचांवर येते. खोली २४ इंच. म्हणजे बुटक्या बाईने पाठ टेकली की पाय लोंबकळणार, आणि पाय टेकले की पाठ अधांतरी.

मग मी त्यांनाच विचारले. त्या आधी हसल्या. मग म्हणाल्या, “अगं, त्यात बसलं की उठताना कुणाचा तरी हात मागावा लागतो. पाहुण्यांदेखत कशाला?”

सुताराला बोलावले. बैठक १८ इंच उंच आणि ताठ, वेताने विणलेली. खुर्चीचे हात इतके पुढे, की उठताना त्यांवर तळवे रोवता यावेत. रुंदी २४ इंच, कारण मांडी घातल्याखेरीज सासूबाईंना बसल्यासारखे वाटत नाही. “बाई, ही खुर्ची की चौरंग?” सुताराने विचारले. “दोन्ही,” मी म्हटले. मांडी मोडली की पाय टेकायला खाली गावाकडचा जुना पाट ठेवला. आतून खिडकीपर्यंत यायला अडीच फुटांची मोकळी वाट हवी होती, म्हणून टीपॉय हलवला. गालिच्याच्या काठाला पाय अडतो, म्हणून तो गुंडाळून माळ्यावर टाकला. खोलीची शोभा गेली, अशी घरात कुरकुर झाली. माझ्या मते ज्या शोभेला ठेच लागते, ती माळ्यावरच बरी. खुर्ची मांडली ती टी.व्ही.समोर नाही, तर खिडकीशी, डाव्या खांद्यावरून उजेड येईल अशी; आणि सोफा तिच्याशी काटकोनात वळवला, म्हणजे बोलताना कोणाला मान वळवावी लागू नये.

पहिला आठवडाभर त्या खुर्चीवर नुसत्या कपड्यांच्या घड्या बसत होत्या. मग एके दिवशी दुपारी सासूबाई मेथी घेऊन बसल्या आणि उठायच्या आत यांचे मित्र आले. सवयीने त्यांनी यांनाच विचारले, “आई कशा आहेत?”

“मलाच विचारा की,” खुर्चीतून उत्तर आले.

त्या दिवसापासून आमच्या घरात वादांची संख्या वाढली आहे. गावाकडच्या बांधापासून आमच्या चहातल्या साखरेपर्यंत सासूबाईंना मते आहेत, आणि ती मते पुष्कळदा यांच्या विरुद्ध असतात. माझी अडचण वेगळीच झाली आहे. खिडकीचा तो उजेड पूर्वी माझ्या लिहिण्याचा होता. आता मी जेवणाच्या टेबलावर दिवा लावून लिहिते. मेथी निवडता निवडता सासूबाई मधेच मान वर करतात आणि विचारतात, “तुझ्या त्या गोष्टीतल्या बाईचं पुढं काय झालं गं?”