आजीचं दशक

मागच्या वर्षी लेकाकडे अमेरिकेत गेले होते, तेव्हा आम्ही चौघं फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डला जाऊन आलो. तिथलं प्रत्येक हॉटेल एकेका कल्पनेवर बांधलेलं. एकात तर म्हणे काही खोल्यांतून जिराफ दिसतात! "आई, त्याचं भाडंही जिराफाएवढंच उंच आहे," लेक म्हणाला. मग आम्ही स्वस्तातल्या गटातल्या 'पॉप सेंच्युरी'त उतरलो.

हे २००३ साली सुरू झालेलं हॉटेल. विसाव्या शतकातली पन्नासपासून नव्वदपर्यंतची दशकं इथे वेगवेगळ्या आवारांत मांडली आहेत. इमारतींना खेटून प्रचंड मोठे यो-यो, रुबिक क्यूब, वॉकमन. पोहण्याचा एक तलाव तर फुलाच्या आकाराचा!

जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं, थाट सगळा बाहेर. खोली आपली साधी, २६० चौरस फुटांची. दुसरा पलंग भिंतीतून खाली ओढायचा, की जेवायचं टेबल गायब! दार बाहेरच्या व्हरांड्यात उघडतं, अगदी आपल्या चाळीसारखं. मला तर घरच्यासारखं वाटलं. एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जायला हवेतले पाळणे आहेत, बाकी पार्कांना बस.

संध्याकाळी नातवाला घेऊन सत्तरच्या दशकात फिरत होते. समोर भलामोठा मिकी माऊसचा फोन. "आजी, तू लहान होतीस तेव्हा हे होतं?"

लहान कसली, १९७२ साली मी नोकरीला लागले, ऐन दुष्काळात. फोन कुठला, मुलांच्या पोटात अन्न नव्हतं. शाळेत सुकडी वाटायचो. इथेच बसून खायची, असा नियम. एक मुलगी अर्धी सुकडी फ्रॉकच्या ओच्यात लपवून निघाली होती. मी सगळ्या वर्गासमोर तिला रागावले. ती एवढंच म्हणाली, "बाई, धाकट्याला." ...ते रागावणं आजही सलतं.

हे सगळं मी त्याला तळ्यावरच्या पुलावर सांगितलं. या पुलाचं नाव 'जनरेशन गॅप'! पलीकडे १९०० ते १९४० ची दशकं उभी राहायची होती, म्हणजे माझ्या आई-वडिलांचा काळ. पण २००१ नंतर पर्यटक घटले आणि ते काम थांबलं. २०१२ मध्ये तिथे कार्टून चित्रपटांचं हॉटेल झालं. नातवाला अर्थातच तिकडे जायचं होतं, सिंह बघायला. तरी तो थांबला आणि म्हणाला, "मग तिच्या भावाला मिळाली का सुकडी?"

मी तेव्हा विचारलंच नव्हतं हो.

असो. तर मंडळी, अशा हॉटेलात गेलात तर मोठ्या खोलीची अपेक्षा ठेवू नका. पण घरातल्या म्हाताऱ्यांना बरोबर न्या आणि त्यांच्या दशकापाशी घटकाभर थांबा. तिथे जे मांडलेलं नाही, ते त्यांना विचारा.