उजवा बॅक

रे रोड, २१ नोव्हेंबर २०२०, शनिवार
मुंबई सिटीचा पहिला सामना. हरलो. नॉर्थईस्ट १, आपण ०. जाहू मध्यंतराआधीच लाल कार्ड घेऊन बाहेर, मग पेनल्टी.
कोविडमुळे यंदा सगळी फुटबॉल लीग गोव्यात. अकरा संघ, तीन मैदानं, प्रेक्षक एकही नाही. बाबांनी विचारलं, "कूपरेजला आहे का?" नाही म्हटलं. टीव्हीकडे पाठ करून झोपले.

२५ नोव्हेंबर
एफसी गोवाला हरवलं. अगदी शेवटी पेनल्टी, ले फॉन्ड्रे. पोरगा असा ओरडला की शेजारच्या काकू दार वाजवून गेल्या.

६ डिसेंबर, रविवार
पोराचे बूट होत नाहीत. मार्चपासून सराव बंद, तेवढ्यात पाय वाढला. त्याने सांगितलंच नाही. आज बघितलं. डाव्या बुटाचं टोक ब्लेडने कापलंय, अंगठा बाहेर. कापलेल्या कडेला चिकटपट्टी. दारूखान्यात रविवारी वखारी बंद असतात, ट्रेलर उभे असतात. त्यांच्यामधल्या पट्ट्यात पाच पोरं खेळतात. खाली लोखंडाचा चुरा. मोज्याचं टोक गंजाने लाल झालेलं. मला आधी रक्तच वाटलं.
ओडिशाला २-० हरवलं. माझं लक्ष नव्हतं.

१० डिसेंबर
पगार पुन्हा अर्धा. एप्रिलपासून हेच. शेठ म्हणतात, होळीपर्यंत बघू. वजनकाट्यावर दिवसभरात चार गाड्या.

११ जानेवारी २०२१
मोहन बागानला १-०. ओग्बेचे. पहिल्या स्थानावर आहोत.
बाबा आज पूर्ण सामना बघत बसले. बागानचं नाव ऐकून उठले नाहीत. मग आपणहून २००६ काढलं. महिंद्रा युनायटेडने नॅशनल लीग जिंकली ते वर्ष. डेरिक परेरा प्रशिक्षक, पुढे याकुबू आणि बरेटो. गोदीतली पहिली पाळी सुटली की बाबा डबा हातात तसाच घेऊन हार्बरने व्हीटी गाठायचे, मला तिथे बोलवायचे, मग दोघं चालत कूपरेज. २०१० मध्ये संघच बंद झाला. ती बातमी आली त्या रात्री बाबा जेवले नव्हते. मी विसरून गेलो होतो. ते नाही विसरले.

२२ जानेवारी
हिने लस घेतली. दंड ठणकतोय, तरी कामावर गेली.
पोराला अमेय रानवडे सापडलाय. राइट बॅक, मुंबईचा. हाही राइट बॅक. "पप्पा, रानवडे म्हणजे आपल्यातलाच ना?" हो म्हटलं. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तेच नाव, लाल पेनने तीनदा.

३० जानेवारी
नॉर्थईस्टकडून पुन्हा हार. बारा सामन्यांत हरलो नव्हतो.

१ फेब्रुवारी
लोकल सगळ्यांना सुरू. सकाळी सातच्या आत, दुपारी बारा ते चार, रात्री नऊनंतर. दहा महिन्यांनी रे रोडच्या फलाटावर उभा राहिलो. जायचं कुठेच नव्हतं. वडाळ्यापर्यंत गेलो आणि परत आलो.

८ फेब्रुवारी
गोवा ३-३. हातातला सामना शेवटच्या क्षणी गेला.

१५ फेब्रुवारी
बंगळूरू. २-४.

२० फेब्रुवारी
जमशेदपूर. ०-२. पोरगा ताटावरून उठला. बाबा म्हणाले, "दमलीत पोरं. इतके महिने हॉटेलात कोंडलेली. त्यांनाही घर आहे."

२४ फेब्रुवारी
ओडिशाला ६-१! बिपिन सिंगची हॅटट्रिक.

२८ फेब्रुवारी, रविवार
बांबोळीला शेवटचा साखळी सामना. बागानचे ४० गुण, आपले ३७. बरोबरी चालणार नव्हती. सातव्या मिनिटाला फॉलचा गोल, मग ओग्बेचेचा. २-०. दोघांचे ४० गुण, पण आपसातले दोन्ही सामने आपण जिंकलेले. शील्ड आपली. आशियाच्या चॅम्पियन्स लीगमध्ये मुंबई खेळणार.
राहवेना म्हणून खाली उतरलो. रस्त्यावर कुणी नाही. एक ट्रेलरवाला केबिनमध्ये झोपलेला. एवढी मोठी गोष्ट आणि सांगायला माणूस नाही. हे फार लागलं.

८ मार्च
उपांत्य फेरी, पुन्हा गोवा. १२० मिनिटं गोल नाही. खास पेनल्टीसाठी गोली बदलला, फुर्बा लाचेन्पा. ६-५. बाबांनी माझा हात धरून ठेवला होता.

१० मार्च
थकलेल्या पगारातले दोन हजार मिळाले. बूट आणले. सात नंबर, एक नंबर मोठे. पोरगा ते उशाशी घेऊन झोपला.

१३ मार्च, शनिवार
फातोर्डा. अंतिम सामना.
पुन्हा बागान. आधी त्यांच्या विल्यम्सचा गोल. मग तिरीच्या डोक्याला लागून चेंडू त्यांच्याच जाळीत. १-१.
मध्यंतराच्या आधी अमेय पडला. दोघं एकाच चेंडूवर गेले, डोकं आपटलं. उठला नाही. मैदानात रुग्णवाहिका आली. ही स्वयंपाकघरातून हात पुसत आली. बारा वर्षं वॉर्डात काम करते. म्हणाली, "पाय हलवतोय का बघ." कुणालाच दिसत नव्हतं. पोरगा नव्या बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होता. बोट पांढरं पडलेलं. मी सोडवली.
९०व्या मिनिटाला बिपिन. २-१. चॅम्पियन. घरात कुणी ओरडलं नाही.
"अमेयला कळलं असेल का?"

१४ मार्च
जाग आली तर ही फोनवर बातमी शोधत बसलेली. अमेय शुद्धीवर आहे. प्रकृती स्थिर. तिनेच पोराला हलवून उठवलं आणि सांगितलं. मग म्हणाली, डोक्याने चेंडू मारायचा नाही. तो हो म्हणाला.
तिची उद्यापासून पुन्हा कोविड वॉर्डात पाळी.
पोरगा नवे बूट घालून दारूखान्यात गेला, टोकात कापूस कोंबून. बाबा स्टूल उचलून त्याच्या मागोमाग निघाले. साडेनऊपर्यंत तिथे बसून होते.