वसईचे चर्च आणि देवळांतल्या घंटा

१/ वसईच्या किल्ल्यात नागेश्वराचे देऊळ, चिमाजी अप्पांचा पुतळा आणि जुन्या चर्चचे उंच दगडी दर्शनी भाग थोड्याच अंतरात भेटतात. या चर्चच्या घंटा मात्र इथे नाहीत. त्यांचा शोध नाशिक आणि वाईपर्यंत नेतो.

२/ २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे तटाच्या आत निरनिराळ्या पंथांची चर्च उभी राहिली. त्यांपैकी जेझुइटांचे चर्च आज गोन्सालो गार्सिया यांच्या नावाने ओळखले जाते. वसईत जन्मलेल्या गोन्सालोंना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे क्रुसावर मृत्युदंड मिळाला. १८६२ मध्ये त्यांना संतपद लाभले.

३/ पोर्तुगीज अमलात देवळे पाडली गेली, हिंदूंच्या उपासनेवर निर्बंध आले. या पार्श्वभूमीवर मे १७३९ च्या शरणागतीच्या अटी वाचाव्यात. सुरुंगांनी बुरूज उडवून, हजारो माणसे गमावून चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. तरीही पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रांसह निघून जाण्याची मुभा दिली आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मोकळीक ठेवली. ती रयत राहिली. आज वसईच्या चर्चमध्ये मराठीतून प्रार्थना होतात.

४/ घंटा मात्र विजयचिन्ह म्हणून गेल्या. एक नाशिकला गोदाकाठच्या नारोशंकर मंदिरावर चढली. तिचा नाद इतका दूर जाई की खणखणीत आवाजाच्या बाईला नाशिककर ‘नारोशंकराची घंटा’ म्हणू लागले. दुसरी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल कोरलेले दिसते.

५/ ही लूटच होती. तिला सौहार्दाचे नाव देणे इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. पण मेणवलीची घंटा टांगणाऱ्यांनी मेरीची आकृती घासून काढली नाही, हेही तितकेच खरे. अटींचा उदारपणा आणि विजेत्याचा हक्क एकाच मोहिमेत नांदले. त्यांपैकी एकच बाजू सांगणारा अर्धी वसई सांगतो.

६/ मेणवलीला गेलात, तर घंटेखाली उभे राहून त्या आकृतीकडे नीट पाहा. मग वसईला जाऊन ते चर्च पाहा.