कणीक

एकादशीच्या संध्याकाळी खुटबावच्या आमच्या घरात गव्हाचं पीठ निघायचं ते फक्त पखवाजासाठी. दादा, म्हणजे माझे वडील, भजनात वाजवत. पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापल्याशिवाय खर्ज घुमत नाही. सैल झाली तर ओघळते, घट्ट झाली तर भजन रंगात आलं की सुटून येते. आईच्या बोटांना ते माप बरोबर ठाऊक होतं.

पण आई भजनाला कधीच बसली नाही. तिचा जीव वाकळेत. दुपारभर जुनी लुगडी पसरून धावदोरा घालत बसायची. पुढं नजर अधू झाली, तेव्हा दादा देवळात निघण्याआधी पाच-सहा सुया ओवून उशीला टोचून ठेवू लागले. आषाढी वारीत तुकोबांची पालखी यवतला मुक्कामी आली की दादा पखवाज घेऊन तिकडं जात. आईच्या पिठलं-भाकरीच्या पाटीत ओल्या फडक्यातला कणकेचा गोळाही असायचा.

माझ्या लग्नात मैत्रिणी सांगत होत्या, दोघांची आवड एकच हवी. मी ते फारच मनावर घेतलं. मी पुस्तकांत रमणारी, हे शेतीत. वर्षभर मी यांना कादंबऱ्या वाचून दाखवल्या. आदल्या रात्री उसाला पाणी धरून दमलेला माणूस डोळे ताणून ऐकत राहायचा. एका रात्री मीच पुस्तक मिटलं.

पुलं आणि सुनीताबाई मिळून बोरकरांच्या, मर्ढेकरांच्या कवितांचं वाचन करत. किती देखणी सामाईक आवड! तरी १९९० साली आलेल्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये सुनीताबाईंनी संसारातले सल लिहिलेच. ते वाचल्यापासून मला वाटतं, एकाच छंदाचा आग्रह नको. आपल्या माणसाला त्याच्या नादापायी काय लागतं, ते न मागता हाताशी ठेवता आलं पाहिजे.

हे माल घेऊन पुण्याच्या मार्केट यार्डात गेले की परतताना वाट वाकडी करून अप्पा बळवंत चौकातून माझ्या चिठ्ठीतलं पुस्तक आणतात. स्वतः एक पान वाचत नाहीत. शेतातल्या मोटारीला रात्रीची लाइट कोणत्या आठवड्यात आहे ते मी ध्यानात ठेवते आणि चार्ज केलेली बॅटरी दारामागं टांगते.

दादा गेल्यावर पखवाज देवळात दिला. वाजवणारा पोरगा कॉलेजात शिकतो. एकादशीला तो आधी आमच्या दारात येतो. कणीक अजून आईच मळते.